टेक्ससमध्ये ऐकलेलं डच वाक्य

काही माणसांना पोहता येत नाही, काहींना सुईत दोरा ओवता येत नाही. शैलजाताई दामल्यांना माफ करता येत नसे. ही आपल्यातली उणीव आहे असं त्यांना कधी वाटलं नाही, आणि ती झाकून ठेवण्याची तसदीही त्यांनी कधी घेतली नाही. कोणी अपमान केला तर त्या भांडत नसत, आवाज चढवत नसत. समोरच्याकडे शांतपणे बघायच्या आणि एकच शब्द म्हणायच्या, "नोंद." आमच्या ऑफिसातल्या डच मंडळींची बरेच दिवस समजूत होती की 'नोंद' म्हणजे मराठीत आभार. एकदोघं तर ताईंनी कॉफीचा कप पुढे केला की हौसेनं "नोंद, शैला" म्हणायचे. मला हसू आवरायचं नाही. ताई मात्र गंभीर चेहऱ्यानं मान डोलवायच्या.

मी दोन हजार पाच साली पुण्याहून आइंडहोवनला गेलो. चिप बनवणाऱ्या मोठ्या यंत्रांचे भाग जुळवून, तपासून पुढे पाठवणारी एक मध्यम आकाराची कंपनी होती. मी तिथे तपासणीचं सॉफ्टवेअर लिहायचो, शैलजाताई टेस्ट इंजिनिअर म्हणून माझ्या थोड्या आधी रुजू झालेल्या. आम्हा दोघांना एकच खोली दिली होती. ताई मूळच्या सांगलीच्या, पन्नाशीच्या जरा अलीकडे. केस बारीक कापलेले, बारा महिने अंगावर एकच निळा रेनकोट, आणि सायकलवर बसल्या की पाठ इतकी ताठ, की समोरून येणाऱ्या वाऱ्यानंच बाजूला व्हावं. दुपारी सगळे पावाचे दोन तुकडे आणि चीज खाऊन उठत तेव्हा ताईंचा डबा उघडायचा. पोळी, भाजी आणि एका छोट्या बाटलीत स्वतः कुटलेला ठेचा. कोणी नाक मुरडलं की, "नोंद."

नोंद झालेल्या गोष्टींचं पुढे काय होतं, हे मला हळूहळू कळत गेलं.

त्यांच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या बाईंनी घरमालकाकडे तक्रार केली होती, की खालच्या फोडणीच्या वासानं आमचे पडदे खराब झाले. ताई काहीच बोलल्या नाहीत. त्या बाईंची सासू दर रविवारी सकाळी कॉफीला येते, एवढं त्यांनी हेरून ठेवलं. मग प्रत्येक रविवारी सासूबाई जिना चढायला लागल्या की ताईंच्या तव्यावर मिरच्या पडायला लागल्या. दार सताड उघडं.

"म्हातारी खोकत खोकत वर जाते," ताई मला सांगत होत्या, "आणि सुनेनं घर कसं गबाळं ठेवलंय यावर तासभर बोलते. खाली सगळं ऐकू येतं मला."

सासू कोणत्या भाषेत बोलत असेल, हा प्रश्न तेव्हा माझ्या डोक्यात आला नाही.

अमेरिकेत त्यांनी पंधराएक वर्षं काढली होती. आधी नवऱ्याच्या नोकरीमागून गावं बदलली, मग नवरा शिकागोत राहिला आणि त्या पुढे गेल्या, एवढंच त्या त्याच्याबद्दल बोलत. पण त्यांच्या अमेरिकेचा नकाशा आपल्या ओळखीचा नव्हता. त्यात उंच इमारती नव्हत्या, धबधबे नव्हते. त्यात फक्त बोलणारी माणसं होती.

"डिअरबॉर्न म्हणजे अरबी," त्या डबा पुसत म्हणायच्या. "शेजारी उम्म करीम होती, लेबनॉनची. तिच्या ओट्याशी उभी राहून मी शिव्यांसकट अरबी शिकले. शिकागो म्हणजे पोलिश. बेकरीत पोलिशमध्ये पाव मागितला तर ताजा मिळतो, इंग्रजीत मागितला तर कालचा. मिनेसोटात भाजी लाओसहून आलेल्या ह्मोंग बायकांकडून घ्यायची आणि टॅक्सीत बसलं की सोमाली बोलायची. मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर पोर्तुगीज, सगळी कोळ्यांची. टेक्ससमध्ये स्पॅनिश तर हवेतच असते, पण कारखान्यात चल माझ्याबरोबर, तिथे जुळणीच्या टेबलावर निम्म्या बायका व्हिएतनामी."

"आणि न्यू जर्सी?" मी एकदा विचारलं. माझे दोन मामेभाऊ तिथे होते.

"तिथे मी राहिलेच नाही. म्हणून माझं मराठी धड राहिलं."

या सगळ्या भाषा त्यांना सारख्याच येत होत्या असं नाही. सोमाली भाडं ठरवण्यापुरती, ह्मोंग मुळे-कोथिंबिरीपुरती. पोलिश आणि व्हिएतनामी मात्र त्या सफाईनं बोलत. एवढा खटाटोप कशासाठी, असं विचारल्यावर म्हणाल्या, "इंग्रजीत माणूस तुला जे ऐकवायचं असतं ते ऐकवतो. आपसात तो खरं बोलतो. मला खरं ऐकायला आवडतं."

आणि अशा बाईला डच येत नव्हतं. मीटिंगमध्ये केवळ त्यांच्यासाठी सगळे सुस्कारा सोडून इंग्रजीवर यायचे. कंपनीनं डच शिकण्याचा वर्ग देऊ केला, तर "आता या वयात कुठे" म्हणून त्यांनी हसून टाळलं. मी वर्गाला जात होतो, घशातून 'ख' काढताना मला ठसका लागायचा, आणि ताई शेजारच्या खुर्चीवरून कौतुकानं बघत राहायच्या.

मराठी मंडळींत त्यांचं फारसं जमत नसे. आमच्यात अनघावहिनी म्हणून एक होत्या, सगळे कार्यक्रम त्यांच्याच हातात. आपल्या दोन मुली अस्सल डच बोलतात आणि मराठीत तोंड उघडत नाहीत, हे त्या अभिमानानं सांगत. त्यांनी एकदा फराळाच्या वेळी सगळ्यांदेखत म्हटलं, "शैलजाताई इतकी वर्षं अमेरिकेत होत्या, पण उच्चार बाई अजून सांगलीचेच." सगळे हसले. ताईंचे ओठ जरासे हलले. शब्द मला ऐकू आला नाही, पण कोणता असणार ते कळलं.

पुढचं वर्षभर ताई त्या मुलींचे लाड करत होत्या. भेटल्या की गोष्ट सांगायच्या, कोडी घालायच्या, आणि सगळं मराठीत. पुढच्या दिवाळीला अनघावहिनींनी मुलींना पुढे बोलावलं, डच गाणं म्हणायला. थोरली म्हणाली, "आधी आम्ही मराठीत बोलणार." वहिनींना भरून आलं. मग दोघी एका सुरात, अगदी स्वच्छ सांगलीच्या उच्चारांत म्हणाल्या, "आमच्या आईला डच येत नाही. शाळेत बाई बोलल्या की ती नुसती मान हलवते आणि घरी येऊन आम्हाला विचारते."

हॉलमध्ये इतकी शांतता झाली की चकली मोडल्याचा आवाज आला. चकली ताईंच्या हातात होती.

आमच्या विभागाचा प्रमुख रुलॉफ नावाचा माणूस होता. उंच, पिकल्या केसांचा, हसरा. माझ्याशी तो चांगला वागायचा. मी नवीन असताना त्यानं मला घर शोधून द्यायला मदत केली, त्याच्या मुलीची जुनी सायकल मला दिली. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढचं सांगताना तो नुसता दुष्ट माणूस वाटेल, आणि तसा तो रोजच्या वागण्यात नव्हता.

एका शनिवारी वूनसेलच्या बाजारात मी भाजी घेत होतो. पलीकडच्या गाड्यावर एक बाई मासेवाल्याशी घासाघीस करत होत्या, झपाझप, तिथल्या ब्राबांती वळणाच्या डचमध्ये. मासेवाला हसत होता, हरत होता. शेवटी बाईंनी पिशवी उचलली आणि तिथली माणसं निरोप घेताना म्हणतात तसं "हौडू" म्हणून वळल्या. निळा रेनकोट.

"ऐकलंस?" त्या म्हणाल्या.

"ऐकलं."

"चल, बसू या."

बाजाराच्या कडेला एका बाकावर, कागदात बांधलेले तळलेल्या माशाचे तुकडे मध्ये ठेवून त्यांनी मला जे सांगितलं ते असं.

ऑस्टिनजवळच्या एका कारखान्यात त्या टेस्टिंगला होत्या. कारखाना एका डच कंपनीचा. जुळणीच्या टेबलावर लान नावाची व्हिएतनामी मुलगी होती. ताईंना व्हिएतनामी शिकवली ती तिनंच, रोज दुपारी आपल्या डब्यातला भात ताईंच्या पोळीशी बदलून. यंत्राला एक सुरक्षेचा स्विच असतो. दार उघडं असलं तर आतला यांत्रिक हात हलूच नये, यासाठी. इंटरलॉक म्हणतात त्याला. हॉलंडहून आलेल्या प्रकल्पप्रमुखाला माल लवकर पाठवायचा होता. त्यानं तो स्विच तार जोडून बंद करायला सांगितलं. ताईंनी हरकत घेतली, ती त्यानं उडवून लावली. त्याच आठवड्यात लाननं दार उघडून आत हात घातला, आणि यंत्र हललं. तिची दोन बोटं गेली.

चौकशी झाली. लानला इंग्रजी जेमतेम यायचं, त्यामुळे ती व्हिएतनामीत बोलली आणि ताईंनी इंग्रजीत सांगितलं. तार कोणी जोडायला सांगितली, कोणासमोर, सगळं. प्रकल्पप्रमुख शांतपणे ऐकत होता. टेबलावरच्या फोनवर हॉलंडचे साहेब होते. तो फोनकडे वाकून डचमध्ये एक वाक्य बोलला. पलीकडे हशा पिकला. मग तो इंग्रजीत म्हणाला, की या बाई काही शपथ घेतलेल्या दुभाषी नाहीत, ही स्वयंपाकघरातली व्हिएतनामी आहे, आणि टेस्टिंगची जबाबदारी यांचीच असल्यामुळे आपली चूक दुसऱ्यावर ढकलताहेत.

लानला घरी पाठवलं. ताईंना काढून टाकलं. नोकरीवर व्हिसा अवलंबून होता आणि व्हिसावर सगळं. बरीच वर्षं ज्याची वाट बघत होत्या ते ग्रीन कार्डही त्याबरोबर गेलं.

"तो रुलॉफ होता," ताई म्हणाल्या.

मी उचललेला तुकडा परत कागदावर ठेवला.

"पण ते वाक्य माझ्या कानात राहिलं. अर्थ कळत नव्हता, फक्त आवाज. अथर्वशीर्ष कसं लहानपणी न कळता पाठ होतं, तसं. लाट दी पापेखाय मार क्लेट्सन. रोज सकाळी उठून म्हणायची मी, विसरू नये म्हणून."

देश सोडण्याआधी त्या उम्म करीमकडे डिअरबॉर्नला, म्हणजे मिशिगन राज्यात गेल्या. त्या राज्याच्या पश्चिम भागात जुन्या डच वस्त्या आहेत, फार पूर्वी शेती करायला आलेल्यांच्या. ताई उम्म करीमच्या गाडीतून तिथे गेल्या, आणि चर्चला लागून असलेल्या वृद्धाश्रमात एकेका म्हाताऱ्यापुढे ते वाक्य म्हणत फिरल्या. आडनावं सगळ्यांची डच, पण भाषा कोणाला राहिली नव्हती. त्यांच्या आईबापांनी घरात इंग्रजी लावलं होतं. एक जख्ख म्हातारा मात्र ऐकता ऐकता हसायला लागला. "पापेखाय," तो म्हणाला, "माझी आजी मला म्हणायची. फार बडबडायचो मी. पापेखाय म्हणजे पोपट." पुढचे शब्द त्यालाही येत नव्हते.

"एक शब्द घेऊन मी भारतात परत आले," ताई म्हणाल्या. "पुण्यात शिकवणी लावली, डच शिकले. दुसऱ्याच महिन्यात पूर्ण वाक्य कळलं. 'त्या पोपटाला बडबडू दे.' तेव्हाच शिकवणी थांबवता आली असती. थांबवली नाही."

रुलॉफ ती कंपनी सोडून आइंडहोवनला दुसरीकडे लागल्याचं त्यांना जुन्या ओळखीतून समजलं. ऑस्टिनला त्या नवऱ्याच्या आडनावानं होत्या, सगळे शेली म्हणत. इथे त्यांनी माहेरच्या आडनावानं अर्ज केला, केस कापले.

"पहिल्या दिवशी त्यानं माझ्याशी हात मिळवला. नाव विचारलं, भारतात कुठल्या म्हणाला, हसला. ओळखलं नाही रे त्यानं मला. मिलिंद, तोपर्यंत मला त्याची नोकरी घालवायची होती. त्या दिवसापासून त्याचं नाव घालवायचं ठरवलं."

"पण कसं?"

"तो स्वतःच करेल. मी फक्त ऐकत राहीन." त्यांनी कागदाची घडी केली. "तू काही ऐकलेलं नाहीस."

मी खरंच कोणाला सांगितलं नाही. सोमवारी रुलॉफ मला सायकलचं कसं चाललंय विचारायला आला तेव्हा मी ब्रेक करकरतात एवढंच म्हणालो, आणि ताई पलीकडे बसून सफरचंद चिरत होत्या.

त्यानंतर बराच काळ काही झालं नाही. डच मंडळी ताईंसमोर बिनधास्त बोलायची. पगारवाढीबद्दल, एकमेकांच्या बायकांबद्दल, भारतीयांबद्दल. ताई खिडकीबाहेर बघत बसायच्या. मी डोळ्यांनी खूण करायचो, त्या ढिम्म.

मग एका मोठ्या गिऱ्हाइकाचा माल अडला. तपासणीच्या यंत्राच्या दाराचा स्विच बिघडला होता आणि नवा यायला वेळ लागणार होता. त्या यंत्रावर बोगदान नावाचा पोलिश कामगार होता, एजन्सीतर्फे आलेला, चाळिशीचा, अबोल. डच शून्य, इंग्रजी तोडकंमोडकं. कॉफीच्या मशीनजवळ ताई कप भरत उभ्या असताना रुलॉफ फोरमनला डचमध्ये म्हणाला, "स्विचला तार मारून टाक. लिहून ठेवायची गरज नाही. पोलिशला सांग की असंच असतं."

ताईंनी वळून इंग्रजीत विचारलं, "काही अडचण आहे का?"

"छे," रुलॉफ हसून म्हणाला, "फुटबॉलबद्दल बोलतोय."

हे मला ताईंनी त्याच दुपारी सांगितलं. त्यांचे डोळे लकाकत होते. मी म्हटलं, "मग आता सांगायला हवं. आजच."

"आज सांगितलं तर तो म्हणेल, गैरसमज झाला, सॉरी. तार काढतील, संपलं. मला तो घसरायला नकोय. पडायला हवाय."

"आणि बोगदानचा हात?"

"बोगदानला मी पोलिशमध्ये सगळं सांगितलंय. तो आत हात घालतो तेव्हा मेन स्विचची किल्ली माझ्या खिशात असते. माझ्याशिवाय तो दार उघडत नाही."

"तुम्ही नसाल त्या दिवशी?"

त्यांनी खिशातली किल्ली चाचपली. मग म्हणाल्या, "मी रोज असेन."

आणि त्या रोज होत्या. एक दिवस तापानं फणफणलेल्या आल्या, रेनकोट अंगावर तसाच ठेवून यंत्राशेजारी स्टुलावर बसून राहिल्या. रुलॉफ जाता जाता थांबला आणि म्हणाला, घरी जा, शैला, काम कुठे पळून जात नाही. त्याच्या आवाजात खरी काळजी होती. बोगदान दार उघडायचा आणि मी काचेपलीकडून त्याची बोटं बघत राहायचो. ताईंचं बरोबर आहे असं मला तेव्हा वाटत नव्हतं. आजही पूर्ण वाटत नाही.

माल जायच्या आधी गिऱ्हाइकाची माणसं पाहणीला आली. त्यांच्या सुरक्षा अधिकारी बाईंना ती तार दिसली. दिसणारच होती. दार उघडून दाखवण्याचं काम ताईंकडे होतं. रुलॉफ तिथल्या तिथे म्हणाला की हे बोगदाननं परस्पर केलं असणार, भाषा कळत नाही या लोकांना, त्याला काढून टाकतो. दुसऱ्या दिवशी मीटिंग ठरली. ताईंनी अधिकारी बाईंना इंग्रजीत एवढंच सुचवलं, की माणसाची नोकरी जाणार आहे, तर शपथ घेतलेला पोलिश दुभाषी बोलवावा. बाईंनी तो बोलावला.

मीटिंगमध्ये आकडे पडद्यावर दाखवायला मी होतो, म्हणून मला हे बघायला मिळालं. डायरेक्टर, अधिकारी बाई, रुलॉफ, फोरमन, बोगदान, दुभाषी आणि ताई. बोगदान खाली बघत बोलला, दुभाष्यानं सांगितलं. फोरमननं तार मारली, असंच असतं म्हणाला. फोरमन टेबलाकडे बघत राहिला. रुलॉफ डायरेक्टरकडे वळून डचमध्ये म्हणाला, "नोकरी वाचवायला हा काहीही सांगेल."

तेव्हा ताई बोलायला लागल्या. डचमध्ये. आवाज नेहमीसारखाच. कॉफीच्या मशीनजवळ कोण कुठे उभं होतं, रुलॉफ काय म्हणाला, शब्दाला शब्द. लिहून ठेवायची गरज नाही, हे. पोलिशला सांग, हे. आणि नंतर आपण विचारल्यावर, फुटबॉल.

डायरेक्टरनं विचारलं, "तुम्हाला डच कधीपासून येतं?"

"इथे यायच्या आधीपासून."

रुलॉफ सावरून बसला. म्हणाला की यांनी चुकीचं ऐकलं, शिकवणीत शिकलेली भाषा, बोलीतलं यांना काय कळणार. ताईंनी फोरमनकडे बघितलं आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं, या वेळी रुलॉफच्या गावाकडच्या हेलात, त्याच्या थांबण्याच्या जागांसकट. फोरमनला राहवलं नाही. तो म्हणाला, "हो. असंच झालं."

मग ताई रुलॉफकडे वळल्या. "लाट दी पापेखाय मार क्लेट्सन," त्या म्हणाल्या.

त्याला काहीच कळलं नाही. डायरेक्टरही गोंधळला. ताई थांबल्या, त्याला वेळ दिला. मग म्हणाल्या, "ऑस्टिन. लान."

रुलॉफनं चष्मा काढला. मग त्यानं इंग्रजीत विचारलं, "शेली?"

ताई हसल्या. दोन वर्षं एका खोलीत बसून मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. सुंदर दिसत होत्या, आणि मला त्यांची भीती वाटली.

रुलॉफ गेला. गिऱ्हाइकानं सगळीकडे कळवलं, त्यामुळे त्या धंद्यात त्याला पुन्हा कोणी घेतलं नाही. बोगदानची नोकरी टिकली. त्यानं ताईंना घरची बीटाची कोशिंबीर आणून दिली.

कँटीनमध्ये मात्र ताईंच्या शेजारी कोणी बसेनासं झालं. प्रत्येक जण मनातल्या मनात उजळणी करत होता, आपण या बाईंसमोर काय काय बोललो. एक जण फुलांची कुंडी घेऊन आला आणि आपल्या बायकोला काही सांगू नका म्हणाला. दुसऱ्यानं काही कारण नसताना भारतीय संस्कृतीची स्तुती केली. ताई सगळ्यांचं ऐकून घ्यायच्या, कॉफी घ्यायच्या, काहीच कबूल करायच्या नाहीत. त्यांना मजा येत होती. सूड घेतल्यावर माणसाला रितं रितं वाटतं असं मी ऐकलं होतं. ताईंचं वजन वाढलं, झोप सुधारली, त्यांनी नवा रेनकोट घेतला, लाल.

एका रविवारी दुपारी त्यांनी मला जेवायला बोलावलं आणि माझ्यासमोर लानला फोन लावला. लान आता ह्यूस्टनला होती. नखं रंगवायचं दुकान चालवत होती, आठ बोटांनी. ताई व्हिएतनामीत सगळं सांगत होत्या, रुलॉफच्या आवाजाची नक्कल करत होत्या. मग लाननं काहीतरी विचारलं. ताईंनी एका शब्दात उत्तर दिलं. तिनं पुन्हा विचारलं, ताईंनी पुन्हा एक शब्द. मग फोन बंद झाला.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, त्याची बोटं? म्हटलं, आहेत. म्हणाली, सगळी? म्हटलं, सगळी." ताईंनी फोन टेबलावर ठेवला. "मग म्हणाली, अर्धंच झालं."

त्या वाटीतली आमटी ढवळत राहिल्या. मला वाटलं, आता त्यांना वाईट वाटेल. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "बरोबर आहे तिचं."

पुढच्या उन्हाळ्यात त्यांना नायमेखनला नोकरी लागली. सामान आधीच गेलं होतं, त्या एक बॅग घेऊन स्टेशनकडे जाणाऱ्या बसची वाट बघत होत्या. मी पोचवायला गेलो होतो. नंतर त्यांची आणि माझी भेट झाली नाही. पुढे त्या कॅनडाला गेल्याचं कोणीतरी सांगितलं.

ऊन पडलं होतं. आम्ही इकडचं तिकडचं बोललो, नायमेखनची घरभाडी, माझं लग्न. बस आली. ताईंनी बॅग उचलली, पायरीवर एक पाय ठेवला, आणि काहीतरी विसरल्यासारख्या मागे वळल्या.

"मिलिंद, तुझं आहे का रे कोणी?"

मला आधी कळलंच नाही. मग त्यांची 'नोंद' आठवली, आणि कळलं.

"नाही," मी म्हणालो. "माझं असं कोणी नाही."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं, आजारी माणसाकडे बघावं तसं.

"बघ आठवून," त्या म्हणाल्या, आणि आत चढल्या.

दार मिटलं. काचेतून त्यांनी हात केला, मी केला. बस कोपऱ्यावरून वळून दिसेनाशी झाली, तोवर मला एक नाव आठवलं होतं.